इव्ही की हायब्रिड? गाडी बघायच्या आधी स्वतःचं पार्किंग बघा

आमच्याकडे इव्ही, म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालणारी गाडी, आलीये हे कळल्यापासून सोसायटीतले, ऑफिसातले, लग्नात भेटलेले लांबचे काका, सगळे एकच विचारतात, एका चार्जमध्ये किती जाते? आणि उत्तर ऐकून घ्यायच्या आधीच दुसरा प्रश्न, आणि मधेच संपली तर? तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आलीये म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करेन.

आमच्या कुटुंबात दोन्ही प्रकार आहेत. पुण्यात सिंहगड रोडला आमच्याकडे टाटा नेक्सॉन इव्ही, ४५ युनिटच्या बॅटरीवाली (वीजबिलातलंच युनिट, ब्रोशरमध्ये kWh लिहितात). आणि डोंबिवलीला नणंदेकडे टोयोटाची हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आहेच पण अधूनमधून इंजिन बंद ठेवून नुसत्या मोटरवरही चालणारी. सुट्टीत गाड्यांची अदलाबदल होते, तिला इव्ही चालवायची हौस आणि मला तिच्या गाडीचं ते शांतपणे पेट्रोल वाचवणं बघायला आवडतं. त्यामुळे एकाच बाजूची भक्ती इथे मिळणार नाही. नवरा इव्हीभक्त आहे, त्याला विचारू नका.

पहिलं म्हणजे हायब्रिड असं बोर्डावर लिहिलेली प्रत्येक गाडी हायब्रिड नसते. मारुतीच्या अर्टिगात किंवा पूर्वीच्या सियाझमध्ये जे स्मार्ट हायब्रिड म्हणून विकलं जातं ते माइल्ड हायब्रिड. त्यात एक छोटी जास्तीची बॅटरी आणि एक जनरेटर, सिग्नलला इंजिन बंद झालं की ते पटकन चालू करणं आणि पिकअपला थोडा हातभार लावणं एवढंच त्याचं काम. फक्त बॅटरीवर ती गाडी एक फूटसुद्धा पुढे जात नाही. वाईट आहे असं नाही, पण स्ट्राँग हायब्रिडचे फायदे सांगून माइल्ड गळ्यात मारणारे सेल्समन आहेत. आम्ही बघायला गेलो त्या एका शोरूममध्ये (नाव घेत नाही) मुलगा दहा मिनिटं "मॅडम हायब्रिड आहे, हायब्रिड आहे" करत होता, शेवटी विचारलं की बाबा ही इंजिन बंद ठेवून चालते का, तर म्हणे सरांना विचारून सांगतो. आणि गंमत म्हणजे हायरायडर आणि ग्रँड विटारा या दोन्ही गाड्यांमध्ये माइल्ड आणि स्ट्राँग दोन्ही मिळतात, बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, किमतीत मात्र काही लाखांचा फरक. तेव्हा कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव वाचा.

प्लग-इन हायब्रिड म्हणून तिसरा प्रकार असतो, मोठी बॅटरी, प्लग लावून चार्जही होते आणि पेट्रोलही भरता येतं. ऐकायला भारी आहे पण आपल्या बजेटमध्ये आपल्याकडे ती नाहीच, म्हणून सोडून द्या.

आता नणंदेची गाडी. हायरायडर २०२२ मध्ये आली, मारुतीची ग्रँड विटारा म्हणजे तिचीच जुळी बहीण, दोन्ही टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदीच्या कारखान्यातून बाहेर पडायला लागल्या. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, एक मोटर आणि ०.७६ युनिटची बॅटरी. हो, पाऊण युनिट फक्त! आमच्या गाडीत ४५ आहेत. लोकांना वाटतं हायब्रिड म्हणजे अर्धी इव्ही, तसं अजिबात नाही, सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते, फक्त ब्रेक मारताना आणि उतारावर जी वाया जाते ती गोळा करून पुन्हा वापरली जाते, आणि इंजिनला ज्या स्पीडला चालायला परवडतं तेवढ्याच वेळात चालवलं जातं. प्लग नाही, चार्जिंग नाही, ॲप नाही. पंपावर जायचं, पेट्रोल टाकायचं, घरी यायचं.

ती रोज डोंबिवलीहून कल्याण-शिळ रोडने महापेला जाते. त्या रोडबद्दल ज्यांना माहितीये त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्या गाड्या जिथे पेट्रोल पीत उभ्या असतात तिथे हिची गाडी इंजिन बंद करून मोटरवर सरकत असते. थांबा, सरका, थांबा, सरका, या प्रकारात हायब्रिडचं सगळं कौशल्य दिसतं. स्क्रीनवर बाण फिरत असतात, कधी बॅटरीकडून चाकाकडे, कधी चाकाकडून बॅटरीकडे, आणि ट्रिप संपली की किती टक्के वेळ इव्हीवर चालली ते येतं. ट्रॅफिकमध्ये ते निम्म्याच्या वर असतं. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किमीचा आहे, खरं ॲव्हरेज तिला गावात २२-२३ पडतं आणि हायवेला १८ ते २०. उलटं आहे ना? साध्या पेट्रोल गाडीला हायवेवर चांगलं पडतं, हायब्रिडला गावात. कारण हायवेला सलग शंभरने चालवली की ब्रेकच लागत नाही, मग गोळा काय करणार, शेवटी इंजिनच ओढणार.

गिअरबॉक्स नेहमीसारखा नाही, ई-सीव्हीटी म्हणतात, शहरात लोण्यासारखी चालते पण घाटात किंवा ओव्हरटेकला पाय पूर्ण दाबला की तीन सिलिंडर ओरडायला लागतात. आवाज पुढे जातो, गाडी जरा मागून येते. ज्याला जोरात चालवायची हौस आहे त्याने आधी चालवून बघावी. आणि डिकी! बॅटरी मागे बसवल्यामुळे डिकी उथळ झालीये, गणपतीला गावी जाताना चार जणांच्या बॅगा, मोदकाचं पातेलं आणि नारळाची पोती यातलं काहीतरी एक मांडीवर येतं.

आता आमची. इव्ही चालवायला किती सोपी असते हे चालवल्याशिवाय कळत नाही. क्लच नाही, गिअर नाही, इंजिनची थरथर नाही, सिग्नल सुटला की गाडी तुमच्या पायाबरोबर निघते. माझ्या सासूबाई कुठल्याही गाडीत मागे बसल्या की पाचव्या मिनिटाला "हळू रे" म्हणतात, या गाडीत स्पीडचा अंदाजच येत नाही त्यांना, त्यामुळे घरात शांतता. (स्पीडोमीटर त्यांना दिसत नाही अशा जागी बसवतो.)

सगळ्यात मजा रिजेनची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मोटर उलटी जनरेटर होते, गाडी आपोआप मंदावते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. स्टिअरिंगमागच्या पॅडलने हे कमीजास्त करता येतं. पहिले काही दिवस मागे बसलेल्यांच्या माना हलतात, मग पाय बसतो. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात आणि नवीन माणसाच्या पोटात गोळा येतो, पण खरा हिशोब केला तर सपाट रस्त्यापेक्षा जास्तीचे पाच-सहा टक्के जातात, आणि पुण्याहून मुंबईला उतरताना त्यातले निम्मे तरी परत मिळतात. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजेनला जागाच नसते. महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात रात्रभर लावून सकाळी १०० टक्क्यांवर निघालात आणि लगेच पसरणी घाट उतरायला लागलात, तर रोजच्यासारखी गाडी आपोआप मंदावणार नाही, ब्रेकवर पाय लागेल. ब्रेक व्यवस्थित असतात, पण सवय मोडलेली असते ना. तिथे ९० वर चार्जिंग काढून घ्या.

रेंज. कंपनी ४८९ किमी सांगते. हा आकडा टेस्टिंगच्या ठरलेल्या पद्धतीने येतो, खोटा नाही, पण आपण तसं चालवत नाही. एसी लावून, चार माणसं घेऊन पुण्यात ३३०-३५० येते, एक्सप्रेसवेला १०० च्या लिमिटला चिकटून चालवली तर ३०० च्या जरा खाली. कुठलीही इव्ही घ्या, छापील आकड्याचे ६५ ते ७० टक्के धरून चाला, जास्त मिळाले तर बोनस. आणि ट्रॅफिक जाममध्ये बॅटरी संपेल ही भीती काढून टाका. घाटात ट्रक पलटी होऊन दोन तास अडकलात आणि एसी चालू ठेवलात तरी तासाला दोन-तीन टक्केच जातात, उभी गाडी बाकी काही खातच नाही. बॅटरी संपते ती स्पीडने. ९० च्या ऐवजी १२० ने हाणलीत की रेंज डोळ्यासमोर वितळते.

बरं, हे सगळं झालं गाडीचं. पण निर्णय गाडीवर नाहीच मुळी, निर्णय तुमची गाडी रात्री कुठे झोपते त्यावर आहे.

आमच्याकडे स्टिल्ट पार्किंग, नंबर घातलेलं, मीटर रूम तळमजल्यावर. स्वतःच्या मीटरवरून वायर काढून पार्किंगपर्यंत आणली, एमसीबी, आरसीसीबी (गडबड झाली की वीज तोडणारे स्विच) आणि अर्थिंग नीट करून घेतलं. वायरचं काम मीटर रूमपासून पार्किंग किती लांब त्यावर महाग-स्वस्त होतं, आणि ७.२ किलोवॅटचा चार्जर लावायचा तर महावितरणकडून मंजूर लोड वाढवून घ्यावा लागतो, कारण फ्लॅटला बहुतेक वेळा तेवढा लोड नसतोच. हे सगळं सोपं. अवघड काय, तर सोसायटीची एनओसी. कमिटीत तीन आक्षेप, आग लागली तर, कॉमन लाइटचं बिल वाढलं तर, आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर. पहिल्याला कंपनीचा माणूस आणून उत्तर दिलं, दुसऱ्याला मीटर दाखवला की वायर आमच्याच मीटरला आहे, तिसऱ्याला उत्तर नव्हतं पण तोवर सेक्रेटरी काकांच्या जावयाने पंच इव्ही बुक केली होती. मग एनओसी आली.

रोजचं सांगायचं तर ७.२ वर रिकामी गाडी सहा-सात तासांत भरते. पण रोज रिकामी होतेच कुठे? १५ अँपिअरचं साधं सॉकेट, आपण गिझरला वापरतो ते, त्यावर रात्रभरात ५०-६० टक्के भरते, म्हणजे रोज ४०-५० किमी चालवणाऱ्याला तेवढंसुद्धा पुरून उरतं. मोठा चार्जर नसेल तर अडत नाही. अर्थिंग नसेल तर मात्र अडतं! कराडजवळ आमचं गावचं घर आहे, पुण्याहून १६० किमीच्या आसपास, पहिल्यांदा गेलो, ओसरीतल्या सॉकेटला केबल लावली तर चार्जरवर लाल दिवा. टीव्ही चालतो, पंप चालतो, फ्रीज चालतो, गाडी म्हणते अर्थिंग नाही, मी घेणार नाही. शेवटी चुलत सासऱ्यांनी वायरमनला बोलावलं, त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात बघितलं तर सगळं कोरडं ठणठणीत, वायर गंजून तुटलेली. नवी वायर, मीठ-कोळसा, दोन बादल्या पाणी, आणि दिवा हिरवा. गाडीच्या निमित्ताने घराचं अर्थिंग झालं असं आता सगळ्यांना सांगतात ते. आता तिथे वीज गेली की आम्ही उलटं करतो, गाडीतून वीज काढायची सोय आहे तिच्यावर पंखे, दिवे आणि खोबरं वाटायला मिक्सर. गावात गाडीचं जेवढं कौतुक झालं ते मिक्सरमुळे.

नणंदेकडे यातलं काहीच शक्य नाही. जुनी बिल्डिंग, पार्किंग पहिला येईल त्याचं, कधी गाडी आत तर कधी गल्लीत, चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची का खाली? तिला मी स्वतःच सांगितलं होतं की इव्ही घेऊ नकोस. रोज पब्लिक चार्जरवर अवलंबून राहून इव्ही चालवणं म्हणजे रोज हॉटेलात जेवण्यासारखं आहे, जमतं, पण खिशालाही नको आणि डोक्यालाही नको.

पब्लिक चार्जिंगचं खरं सांगायचं तर पुणे-मुंबई, पुणे-सातारा-कोल्हापूर या रस्त्यांवर आता काळजी नाही, फूड मॉलला, हॉटेलांना, पंपांवर डीसी फास्ट चार्जर आहेत, आमच्या गाडीला चांगल्या चार्जरवर १० ते ८० टक्के ४०-४५ मिनिटांत होतं. मिसळ, चहा, पोरांचं आवरणं, झालं. ८० च्या पुढे मात्र वेग एकदम पडतो, तेव्हा मागे कोणी रांगेत असेल तर ८० ला गाडी काढा, एवढी माणुसकी ठेवा. आणि बोर्डावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गन (गाडीला लावायचे प्लग) असतात, दुसऱ्याने लावली की बऱ्याच ठिकाणी ३०-३० वाटून येतात.

डोकेदुखी आहे ती ॲपची. प्रत्येक कंपनीचं वेगळं ॲप, वेगळं वॉलेट, आधी पैसे भरा मग चार्जिंग. एका कंपनीच्या ॲपमध्ये माझे पैसे कापले गेले, चार्जिंग सुरूच झालं नाही, आणि कस्टमर केअर म्हणे सात दिवसांत परत येतील. आले, पण चार फोन केल्यावर. नकाशावर हिरवा दिसणारा चार्जर जागेवर बंद असणं हाही एक अनुभव. म्हणून आमचा नियम असा की २० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि जिथे थांबायचं तिथून दहा-पंधरा किमीवर दुसरा चार्जर हेरून ठेवायचा. कोकणात आडवाटेला, मराठवाडा-विदर्भात हायवे सोडून आत जायचं असेल तर निघायच्या आधी प्लॅन करावाच लागतो. "चला निघू या" म्हणून रात्री अकराला निघणारी मंडळी असाल तर हायब्रिड घ्या, मनापासून सांगते.

आता पैसे, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. इव्हीवर जीएसटी ५ टक्के, २०१९ पासून तेवढाच आहे. स्ट्राँग हायब्रिडवर पूर्वी सेस धरून ४३ टक्के जायचा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला, म्हणजे फार काही सुटलं नाही. त्याच दिवशी चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांचा मात्र १८ वर आला, त्यामुळे छोटी पेट्रोल गाडी आणि तिचीच इव्ही यांच्यातलं अंतर पूर्वीपेक्षा वाढलंय, हे जुने व्हिडिओ बघून हिशोब करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपल्या राज्यात इव्हीला रोड टॅक्स माफ आहे, पेट्रोलला १० लाखांच्या आत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के. १६ लाखांच्या हायब्रिडला हिशोब करा, जवळपास दोन लाख नुसते आरटीओला. म्हणून एक्स-शोरूम किमती शेजारी ठेवून तुलना करू नका, ऑन-रोड मागा.

कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट मिळते असं अजून काही सेल्समन सांगतात, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती, आता नाही. केंद्राची सबसिडीही खाजगी चारचाकीला नाही. टोलची माफी आहे, २०२५ च्या राज्याच्या इव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी, अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली. फास्टॅगवर गाडी इव्ही म्हणून नोंदलेली आहे ना ते बघून घ्या. खेड शिवापूरला मात्र कापले जातातच, तो नॅशनल हायवेचा टोल, त्याच्यापासून सुटका कोणाचीच नाही.

चालवायचा खर्च असा. आमची गाडी युनिटला साडेसहा-सात किमी जाते, घरची वीज १० रुपये युनिट धरली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी धरून किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरला २०-२२ रुपये युनिट पडतात, मग साडेतीनच्या आसपास. नणंदेच्या हायब्रिडला पेट्रोल १०४ धरून पाच-सव्वापाच रुपये. आणि साधी पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही गावात ११ चं ॲव्हरेज देत असेल तर साडेनऊ. म्हणजे इव्ही घरी चार्ज केली तर किमीमागे पावणेआठ-आठ रुपये वाचतात, तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इव्ही तीन लाखांनी महाग पडली असं धरलं तर ४० हजार किमीच्या आत पैसे वसूल. महिन्याला हजार किमी फिरणाऱ्याला सव्वातीन वर्षं. महिन्याला तीनशे किमी फिरणाऱ्याला अकरा! रविवारी सारसबाग आणि दिवाळीत गाव एवढंच फिरणार असाल तर साधी पेट्रोल घ्या, उरलेले पैसे एफडीत ठेवा, कोणाच्या बापाचं ऐकू नका.

एक मेख आहे विजेत. घरच्याच मीटरवर गाडी लावली की महिन्याला दीडशे युनिट वाढतात आणि तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता, मग १० रुपयांचा हिशोब बिघडतो. महावितरणकडून इव्हीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दर वेगळा असतो, आधी चौकशी करा. स्वतःचं छप्पर असेल तर सोलर, मग तर बोलायलाच नको, सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि वर ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे.

इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीला इव्हीला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे, पण ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग गाडीच्या किमतीवर असतो त्यामुळे एकूण हप्ता बघून आनंद होत नाही. सर्व्हिसला इव्ही स्वस्त, ऑइल नाही, फिल्टर-प्लग-बेल्ट नाही, टायर मात्र जरा लवकर झिजतात, वजन जास्त आणि पहिल्याच सेकंदाला मिळणारा टॉर्क, म्हणजे चाकाला मिळणारा जोर. हायब्रिडला इंजिनची सगळी सर्व्हिस आहेच.

बॅटरीची भीती. "आठ वर्षांनी दहा लाख घालशील का", हे माझ्या वडिलांचं वाक्य. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी देतात, हायरायडरच्या हायब्रिड बॅटरीलाही तेवढीच आहे. टाटाने २०२५ मध्ये ४५ युनिटच्या नेक्सॉनलाही पहिल्या मालकासाठी लाइफटाइम वॉरंटी जाहीर केली, लाइफटाइम म्हणजे १५ वर्षं. पहिल्या मालकासाठी हे शब्द नीट वाचा, सेकंड हँड घेणाऱ्याला नियम वेगळे. आमच्या बॅटरीची केमिस्ट्री एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आहे, तिला अधूनमधून १०० पर्यंत चार्ज करायला सांगतात म्हणजे टक्क्यांचा हिशोब बरोबर राहतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल, क्रेटा इलेक्ट्रिकसारखी, तर रोजचं ८० पर्यंत ठेवलेलं बरं. ब्रोशरमध्ये हा शब्द शोधा, नसेल तर विचारा.

आणि हो, मोठी बॅटरी फुल असूनसुद्धा गाडी बंद पडू शकते! प्रत्येक इव्हीत नेहमीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, कुलूप, स्क्रीन, कॉम्प्युटर त्यावर, ती उतरली की गाडी मेल्यासारखी. महिनाभर गावाला जाणार असाल तर मॅन्युअलमध्ये काय करायचं ते वाचून जा. इव्हीचं निम्मं दुखणं सॉफ्टवेअरचं असतं, कंपनी कुठलीही असो, त्यामुळे जवळच्या सर्व्हिस सेंटरला इव्ही शिकलेला माणूस आहे का हे विचारा, नुसता शोरूम चकाचक असून उपयोग नाही.

पावसाचं तर इकडे सिंहगड रोडला विशेष, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत पार्किंगं बुडाली. बॅटरी पॅक आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारा, असतो, पावसात चार्जिंग केलं किंवा साचलेल्या पाण्यातून हळू नेली तर काही होत नाही. पण गाडी बुडली असेल तर पाणी ओसरल्यावर चालू करून बघायची नाही, चार्जरला लावायची तर नाहीच, टो करून सर्व्हिस सेंटर.

बाकी गाड्यांचं थोडक्यात. बजेट कमी आणि फक्त गावात फिरायचं तर टियागो इव्ही किंवा पंच इव्ही, पंचची मोठ्या बॅटरीवाली बघा, छोटीवाली हायवेला अपुरी पडते. एमजी विंडसर मागे बसणाऱ्यांसाठी भन्नाट, ती २०२४ मध्ये आली तेव्हा बॅटरी भाड्याने घ्यायची स्कीम होती, किमीला साडेतीन रुपये. गाडी स्वस्त दिसते पण साडेतीन अधिक वीज म्हणजे पाचच्या वर, मग हायब्रिड काय वाईट? खूप फिरणाऱ्याने बॅटरीसकटच घ्यावी. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आपल्या चाकणच्या, ७९ युनिटपर्यंत बॅटरी, रेंजची चिंताच मिटते, फक्त पैसे आणि पार्किंगची लांबी दोन्ही मोजा. मोठं कुटुंब आणि लांबचे प्रवास असतील तर इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड, महाग आहे पण ज्यांच्याकडे आहे ते सोडायला तयार नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आणि सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवा. खाली बॅटरी असल्यामुळे बऱ्याच इव्हींचा फ्लोअर वर येतो, गुडघे उचलले जातात आणि मांडीला आधार मिळत नाही, शोरूममधल्या दोन मिनिटांत हे कळत नाही, अर्धा तास बसल्यावर कळतं. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट ते डिकी उघडून डोळ्यांनी बघा. हायब्रिड बघत असाल तर चढ असलेला रस्ता मागा, चांदणी चौकाच्या सपाट रोडवर सगळ्याच गोड वाटतात. आणि इव्ही असेल तर डीलरकडे गाडी एका रात्रीसाठी मागा, सगळेच देत नाहीत पण काही देतात, तुमच्याच पार्किंगमध्ये तुमच्याच सॉकेटला लावा, सकाळी टक्के वाढलेले दिसले तर बुकिंगचं बोला, नाहीतर आधी वायरमनचा नंबर शोधा.